एकटीच्या जिवावर मेंटॉरिंग होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी अटलांटात एका आयटी कंपनीत आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांची एक स्थानिक संस्था आणि आमची कंपनी मिळून कॉलेजात शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलींसाठी मेंटॉरिंगचा उपक्रम चालवतात. त्यात मला मेंटॉर म्हणून विचारलंय. मी भारतीय, मराठी मध्यमवर्गीय घरातली. त्यांच्या आयुष्यातलं मला काय कळणार? महिन्यातून एक तास भेटून काही साधतं का? आणि भेटल्यावर नेमकं करायचं काय?"

होकार द्या. पण त्याआधी संस्थेला एक गोष्ट विचारा: माझी आणि त्या मुलीची जोडी लावून दिल्यावर आमच्या मागे कोण असतं? "तुम्ही दोघी आपसात ठरवा" असं उत्तर आलं तर तुमचा तास वाया जायची शक्यता बरीच आहे.

मी समाजकार्य शिकून इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत कृष्णवर्णीय स्त्रियांनीच उभारलेल्या एका छोट्या संस्थेत कार्यक्रम-समन्वयक होते. जोड्या लावायच्या, त्या टिकवायच्या, मोडल्या तर दोघींना वेगवेगळं भेटून काय झालं ते समजून घ्यायचं, हे माझं काम. नुसती जोडी लावून सोडून दिली की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात "पुढच्या आठवड्यात बघू" सुरू होतं. दोष कोणाचाच नसतो. मुलीची परीक्षा असते, मेंटॉरचं रिलीज असतं, आणि भेट झाली नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. तेच सात-आठ मुली, दोन-तीन मेंटॉर, नुकत्या नोकरीला लागलेल्या एक-दोघी आणि एखादी सत्तरी ओलांडलेली बाई असा गट महिन्यातून एकदा एकत्र जेवत असेल, तर जोडीची भेट हुकली तरी मुलगी हातातून जात नाही. शिवाय मुलीला खरी मदत पुष्कळदा नेमून दिलेल्या मेंटॉरकडून मिळतच नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईकडून मिळते. माझ्या अहवालांच्या तक्त्यात हे कुठल्याच रकान्यात बसायचं नाही.

ही पद्धत इथल्या बायकांनी शंभरावर वर्षं वापरून पक्की केली आहे. तुम्ही त्यात नव्याने शिरताय, म्हणून थोडी जुनी हकिगत सांगते.

रोझा पार्क्स आपल्याला शाळेपासून माहीत असतात. १ डिसेंबर १९५५, अलाबामातलं माँटगोमेरी, दिवसभर शिवणकाम करून दमलेली बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठत नाही आणि नागरी हक्कांची चळवळ पेटते. या गोष्टीतून नेमक्या बाकीच्या बायका गाळलेल्या असतात. पार्क्स १९४३ पासून एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेत काम करत होत्या. त्याच दशकात एला बेकर यांनी शाखांच्या कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण शिबिरं घेतली, त्यांना पार्क्स गेल्या होत्या. अटकेच्या काही महिने आधी, १९५५ च्या उन्हाळ्यात, त्या टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्ते घडवणाऱ्या केंद्राच्या कार्यशाळेत होत्या आणि तिथे शिकवायला सेप्टिमा क्लार्क होत्या. अटक झाली त्या रात्री जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर बस-बहिष्काराची हजारो पत्रकं काढली. त्यांच्यामागे विमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही बायकांची संघटना होती, मेरी फेअर बर्क्स यांनी १९४६ मध्ये सुरू केलेली. पुढे ३८१ दिवस बहिष्कार चालला. बसऐवजी लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलला पैसे हवे होते, तेव्हा जॉर्जिया गिलमोर यांनी स्वयंपाकिणी आणि घरकाम करणाऱ्या बायका जमवून केक, पाय आणि तळलेली कोंबडी विकून पैसा उभा केला. गटाचं नाव ठेवलं 'द क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे पैसे कुठून आले असं विचारलं तर उत्तर तयार, आणि मालकिणीला कळून कोणाची नोकरी जायला नको.

पार्क्स त्या सीटवर बसून राहिल्या तेव्हा त्यांच्या मागे ही सगळी फळी होती. त्यांची मेंटॉर कोण, असा एकवचनी प्रश्नच इथे लागू होत नाही.

सेप्टिमा क्लार्क यांच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या "नेमकं करायचं काय" या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर त्यांच्याकडे आहे. त्या साऊथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या शिक्षिका. एनएएसीपीचं सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली, पेन्शनही बुडालं. त्यांच्या सॉरॉरिटीने, म्हणजे कॉलेजपासून आयुष्यभर टिकणाऱ्या भगिनीमंडळाने, त्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम घेतला. पण त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायला कोणी धजेना, कारण फोटो छापून आला तर आपली नोकरी जाईल. हे मुद्दाम सांगते. 'भगिनीभाव' हा शब्द आता पोस्टरांवर फार गोड दिसतो. प्रत्यक्षात त्या बायका घाबरतही होत्या, आणि घाबरत घाबरत पैसे जमवत होत्या.

चार्ल्स्टनजवळच्या जॉन्स आयलंडवर कृष्णवर्णीय प्रौढांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. एसॉ जेंकिन्स तिथल्या कामगारांना आपल्या बसने शहरात नेत आणि वाटेत तो मजकूर समजावत. त्यांना रात्रीचा वर्ग हवा होता. क्लार्क आणि हायलँडरने तो सुरू करायचं ठरवलं, तेव्हा शिक्षक म्हणून त्यांनी बर्निस रॉबिन्सन यांना निवडलं. रॉबिन्सन क्लार्कबाईंच्या नात्यातल्या, व्यवसायाने केशरचना करणाऱ्या आणि कपडे शिवणाऱ्या. शिकवण्याचा अनुभव शून्य. निवड विचारपूर्वक होती. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बाईची सगळी गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय, त्यामुळे गोऱ्या मालकाला तिचं पोट मारता येत नव्हतं. आणि शिक्षिका नसल्यामुळे प्रौढ माणसांना लहान मुलांसारखं वागवायची सवय तिला नव्हती.

जानेवारी १९५७ मध्ये सहकारी दुकानाच्या मागच्या खोल्यांत वर्ग भरला. पुढे किराणा, मागे शाळा. बाहेरच्याला पत्ता लागू नये म्हणून. रॉबिन्सनबाई लहान मुलांची पुस्तकं घेऊन गेल्या होत्या. ती इथे चालणार नाहीत हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग त्यांनी सरळ विचारलं: तुम्हाला काय शिकायचंय? स्वतःचं नाव लिहायचंय. कॅटलॉगमधून वस्तू मागवायचा फॉर्म भरायचाय. मनीऑर्डर करायचीय. दूर गेलेल्या मुलांची पत्रं वाचायचीत. अभ्यासक्रम तिथे ठरला. घटनेचा उतारा त्याच ओघात आला आणि त्या शेतमजूर, कामकरी माणसांची मतदार म्हणून नावं लागू लागली. हीच सिटिझनशिप स्कूल्स पुढे दक्षिणेत सगळीकडे पसरली; १९६१ पासून त्यांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आपल्या जॉर्जियातच, मॅकिंटॉशच्या डॉर्चेस्टर केंद्रात होत असे.

तेव्हा पहिल्या भेटीत तुमच्या करिअरची गोष्ट सांगू नका. "तुला या दोन महिन्यांत कशात अडकल्यासारखं वाटतंय?" एवढं विचारा आणि गप्प बसा. उत्तरं फार मोठी नसतात. फाफ्साचा फॉर्म, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज, आईच्या एका कागदासाठी अडलाय. फी थकल्याने पुढच्या सत्राची नोंदणी होत नाही. इंटर्नशिप मिळालीय, पण पहिला पगार हातात येईपर्यंत दुसऱ्या शहरात राहायला डिपॉझिट कुठून आणायचं? हुशार मुलगी गळते ती अशाच ठिकाणी, आणि आपण तिला 'आत्मविश्वास' शिकवत बसतो. संस्थेकडे छोटा तातडीचा निधी आहे का, ते विचारा. नसेल तर तुमच्यासारख्या पगारदार मेंटॉरांनी मिळून तो उभा करणं हे पाच व्याख्यानांपेक्षा उपयोगाचं. आमच्या संस्थेतल्या कॅरिबियन बायका आपसात 'सूसू' चालवायच्या: दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि सगळी रक्कम पाळीने एकीला. माझ्या आईची भिशी हुबेहूब अशीच. मी तसं सांगितल्यावर त्यांनी मला हिशेबाच्या वहीवर बसवलं. माझा तिथला पहिला खरा प्रवेश तो.

आता तुमच्या अधिकाराचा प्रश्न. मेंटॉर म्हणून तुम्हाला विचारलं जातं यामागे एक कारण आहे, आणि ते फारसं सुखाचं नाही. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात वरच्या पदांवर कृष्णवर्णीय स्त्रिया मोजक्याच आहेत. ज्या आहेत त्यांच्याकडे कंपनीतली प्रत्येक कृष्णवर्णीय मुलगी जाते, प्रत्येक समितीत त्यांनाच बसवलं जातं, आणि बढतीच्या वेळी या कामाची दखल कोणी घेत नाही. "ती खंबीर आहे, ती बघून घेईल" हे वाक्य त्या बायका लहानपणापासून ऐकत आल्यात. म्हणून त्यांच्यावरचं थोडं ओझं उचलणं एवढाच तुमच्या जागेचा अर्थ धरा. मुलीचा बायोडाटा तपासा, मुलाखतीचा सराव घ्या, कोडिंगच्या चाचणीची तयारी करून घ्या. ऑफिसात एकटीच कृष्णवर्णीय असणं कसं असतं, हे तिला दुसरी कोणी सांगेल. ती गटात आहे ना याची खात्री करा, आणि तो विषय निघाला की ऐका.

तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे, आणि बहुतेक मेंटॉर तीच करत नाहीत: तिच्यासाठी शब्द टाकणं. सल्ला फुकट असतो. भरतीच्या बैठकीत ती समोर नसताना "मी हिचं काम पाहिलंय, हिला घ्या" म्हणण्यात तुमची पत पणाला लागते. इथल्या मुलींना सल्ला देणारे ढिगाने मिळतात, शब्द टाकणारे फार थोडे. मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांनी १९३५ मध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन स्थापली. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या वायडब्ल्यूसीए या स्त्रियांच्या संस्थेत कौन्सिलची सभा होती. तिथली पंचविशीची एक कर्मचारी पाहुण्या एलिनॉर रूझवेल्ट (राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी) यांना सभागृहात घेऊन आली. बेथ्यूनबाईंनी तिचं नाव विचारलं आणि तिला आपल्या कामात ओढलं. ती डोरोथी हाइट. पुढे १९५७ पासून चार दशकं ती त्याच कौन्सिलची अध्यक्ष राहिली. बेथ्यूननी तिला सल्ला काय दिला यापेक्षा तिला थेट कामाच्या मध्यभागी नेऊन बसवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एला बेकर यांची रीत वेगळी, आणि मला स्वभावाने जास्त जवळची. एप्रिल १९६० मध्ये त्यांनी रॅलीच्या शॉ विद्यापीठात, जिथे त्या स्वतः शिकल्या होत्या, धरणं धरणाऱ्या विद्यार्थ्यांची परिषद बोलावली. ज्येष्ठ नेत्यांना या पोरांची आपल्या संघटनेला जोडलेली युवा शाखा हवी होती. बेकरबाईंनी मुलांचं स्वतंत्र संघटन होऊ दिलं. त्यातून 'स्निक' ही विद्यार्थ्यांची नागरी हक्क संघटना उभी राहिली, आणि डायेन नॅशसारख्या विशीतल्या मुली त्यात पुढे आल्या. बैठकांत बेकरबाई तासन्‌तास ऐकत आणि मध्येच एखादा प्रश्न विचारत. तुम्ही मराठी घरातल्या, म्हणजे उपदेश करायची सवय अंगात असणारच (मला होती, अजून आहे). ती आवरा.

आता काही बारीकसारीक, पण चुकलं की महागात पडणारं. वयाने मोठ्या बाईंना चुकूनही 'आंटी' म्हणू नका. आपण आदराने म्हणतो. इथे दक्षिणेत गोरे लोक कृष्णवर्णीय स्त्रीला 'मिसेस' म्हणायचं टाळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हाच शब्द वापरत आले. १९६३ मध्ये अलाबामाच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन यांनी सरकारी वकील नुसतं 'मेरी' म्हणतो म्हणून उत्तर द्यायला नकार दिला; न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना शिक्षा झाली आणि १९६४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मानाने हाक मारली जाण्यासाठी ज्या समाजाला तिथवर जावं लागलं, तिथे 'मिस' लावून नाव घ्या किंवा सरळ विचारा. केसांवर टिप्पणी नको, कौतुकाचीही जपून, आणि हात तर लावूच नका. केसांच्या ठेवणीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला, मग इतर राज्यांनी. इतका तो विषय गंभीर आहे. गंमत म्हणजे विग आणि वेण्यांसाठी इथे विकले जाणारे बरेच केस आपल्या तिरुपतीसारख्या देवस्थानांतून येतात. मुलींशी या विषयावर बोलायचंच असेल तर तिथून सुरुवात करा. आमच्याकडे त्यावर एक अख्खी दुपार रंगली होती.

तुम्हाला जातीबद्दल विचारलं जाईल. "आता तसं काही राहिलं नाही" असं म्हणू नका. समोरच्या बाईंनी हे वाक्य वंशाबद्दल हजारदा ऐकलंय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे मी सांगितलं की लोक खुर्ची पुढे ओढून ऐकतात. पण ते सांगताना आपण स्वतः त्या उतरंडीत कुठे आहोत तेही सांगावं लागतं. आणखी एक हिशेब लक्षात असू द्या. १९४६ पासून भारताचा इमिग्रेशनचा कोटा होता वर्षाला १०० माणसांचा. तो मोडून दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीने तापवलेल्या हवेत झाला. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात "त्या भागात घर घेऊ नका" असे सल्ले ऐकू येतात, तेव्हा मला हा कोटा आठवतो.

तुम्ही तब्येतीबद्दल काही विचारलेलं नाही, तरी ते येईलच. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या माता १४.५. शिकलेल्या, विमा असलेल्या बायकाही यात आहेत. १९८३ मध्ये बिली एव्हरी यांनी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर परिषद भरवली, तेव्हा देशभरातून जवळपास दोन हजार बायका आल्या. त्यातून गावोगाव छोटे स्वयंसाहाय्य गट निघाले. त्यांत पत्रकं वाटण्याआधी बायकांना बोलू दिलं जायचं, आणि बोलणं सुरू झालं की रक्तदाबाच्या आधी घरातला मार बाहेर यायचा. तुमच्यासमोर असं काही निघालं तर सोडवायला जाऊ नका. संस्थेत यासाठी नेमलेली व्यक्ती कोण, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

कंपनीबद्दल मात्र सावध राहा. फक्त कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी २० हजार डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा घेणाऱ्या अटलांटाच्याच फिअरलेस फंडावर ऑगस्ट २०२३ मध्ये खटला झाला. आधार कुठला, तर गुलामीतून सुटलेल्यांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून झालेला १८६६ चा नागरी हक्क कायदा. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती स्पर्धा रोखली आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ती बंद पडली. २०२५ च्या सुरुवातीला अशा विविधता-उपक्रमांविरुद्ध निघालेल्या अध्यक्षीय आदेशांनंतर तर कित्येक कंपन्यांनी असे उपक्रम गुंडाळले किंवा त्यांची नावं बदलली. तुमच्या कंपनीचा सहभाग पुढच्या तिमाहीत संपू शकतो. म्हणून संस्थेशी तुमचं नातं स्वतंत्र ठेवा: तिच्या कार्यक्रमांना जा, जमेल तेवढी देणगी स्वतःच्या नावाने द्या, मुलीशी संपर्क ऑफिसच्या ईमेलवर नको.

१९०८ मध्ये याच शहरात लुजीनिया बर्न्स होप यांनी नेबरहुड युनियन काढली. शेजारात एक तरुण बाई आजारी पडून एकटीच मेली आणि कोणाला कळलंही नाही, हे तिचं निमित्त. त्यांनी वस्तीचे भाग पाडून बायकांना घरं वाटून दिली: या घरांत कोण आहे, काय हवंय, हे तू बघायचं. तुमच्या संस्थेत आज अशी वाटणी आहे का, ते बघा. एखादी मुलगी दोन महिने आली नाही तर तिला फोन कोण करतं? त्या बाईचं नाव कोणालाही न विचारता सगळ्यांना माहीत असेल तर संस्था चांगली आहे.

आणि हो म्हणण्याआधी समन्वयकाला एवढं विचारून घ्या: मुलीचं माझ्याशी जमलं नाही, तर माझी समजूत न काढता, मला न कळवता तिला दुसरी मेंटॉर मागता येते का? येत नसेल तर तशी सोय करायला सांगा. फॉर्मवर एक ओळ वाढवली की काम होतं.